नवे सालदार

माणूस नोकरी पत्करतो तेव्हा तो नेमके काय देऊ करतो? हातांचे कसब, बुद्धी, दिवसाचे काही तास, की हे सारे धरून स्वतःलाच? प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटेल. पण ज्यांच्या घरातील मुलगा वा मुलगी पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरात किंवा हैदराबादेत संगणकाच्या कंपनीत कामाला आहे, त्या घरात तो रोज विचारला जातो. फक्त त्याचे शब्द निराळे असतात. "आई, आज जेवायलाही उठता आले नाही," हे त्याचे एक रूप आणि "बाबा, यंदा पगार वाढला," हे दुसरे. कांग नदीच्या काठच्या आमच्या जामनेरसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता अशी मुले बाहेर पडतात. नाताळला, आखाजीला ती घरी येतात, तेव्हा कंपनीविषयी भरभरून बोलतात आणि तितकीच कुरकुरतातही. त्यांना तेथे काय आवडते आणि काय आवडत नाही, हे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या असता त्यांतून जो नैतिक प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आवडीच्या गोष्टी पाहू. महिनाअखेरीस पगार ठरल्या दिवशी बँकेत जमा होतो, ही पहिली. ज्या घराची मिळकत पावसावर आणि कापसाच्या भावावर लोंबकळत राहिली, त्या घराला या नियमितपणाचे मोल ठाऊक असते. आई-वडिलांच्या दुखण्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून भागतो, ही दुसरी. तिसरी गोष्ट मुले जरा थांबून सांगतात. मुलाखतीत त्यांना गाव, आडनाव, बापाचा धंदा यांपेक्षा 'तुला काय येते' हे अधिक विचारले गेले. वरिष्ठाला नावाने हाक मारता येते, त्याच्यासमोर खुर्चीत बसून बोलता येते. मुलींच्या दृष्टीने तर हा बदल फार मोठा आहे. स्वतःचे बँकेचे खाते असलेल्या मुलीचे मत लग्नाच्या बोलण्यांतही विचारले जाते. शिवाय रोज नवे शिकावे लागते, निरनिराळ्या प्रांतांतील सोबती मिळतात, क्वचित परदेशही पाहावयास मिळतो. यांतील कोणतीही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आपल्या समाजात अंगमेहनतीबरोबर अपमानही पदरी पडत आला. तेथे काम करूनही मान ताठ ठेवता येते, हे समाधान खरे आहे. ते केवळ चैनीचे वेड समजून हिणवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आता नावडीची यादी. कामाचे घड्याळ आपले नसते. परदेशातील ग्राहकाची सकाळ उजाडते तेव्हा आपल्याकडे रात्र पडलेली असते. जेवताना, प्रवासात, प्रसंगी घरच्या मंगलकार्यातही फोन वाजतो. एक प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही, की माणूस 'बेंच'वर जातो. त्याला पगार मिळतो, पण प्रत्येक दिवस धास्तीत जातो. वर्षअखेरीस कामाचे मूल्यमापन होते. पुष्कळ कंपन्यांनी त्यासाठी बराच काळ 'बेल कर्व्ह' नावाची पद्धत वापरली. तीनुसार सर्वांनी उत्तम काम केले तरी काहींना खालच्या पायरीवर बसवावेच लागे. मायक्रोसॉफ्टने माणसांची अशी उतरंड लावणे नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केले आणि आपल्याकडील काही कंपन्यांनीही पुढे त्यात बदल केले. पण तुलनेची भीती गेली असे मुले म्हणत नाहीत. नोकरी सोडावयाची तर कित्येक ठिकाणी नव्वद दिवस आधी कळवावे लागते. कंपनीला मात्र एखाद्या सकाळी पत्र हाती देता येते.

या दोन याद्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काम कठीण आहे, अशी तक्रार आम्ही सहसा ऐकली नाही. उलट कठीण कामाचा या मुलांना अभिमान वाटतो. आवडीच्या यादीत त्यांना काय मिळते ते आहे. नावडीच्या यादीत मात्र आपण आपले उरलो आहोत की नाही, ही शंका आहे. म्हणूनच पगार वाढविल्याने ही दुसरी यादी आखूड होत नाही.

ही शंका खानदेशाला अपरिचित नाही. आमच्याकडे शेतावर काम करणाऱ्यांचे प्रकार ठरलेले होते. रोजंदार दिवसाची मजुरी घेई. दिवस मावळला की तो मोकळा. वाटेकरी दुसऱ्याची जमीन बटाईने करी. पीक बुडाले तर त्याचेही बुडे, पण आले तर राशीत त्याचा हिस्सा असे. सालदाराची गोष्ट या दोघांहून वेगळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या सालाची बोली होई आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो मालकाचा. पहाटेची गुरे त्याची, रात्रीचे पाणी भरणे त्याचे, मालकाकडे लग्न निघाले तर तेथील राबणेही त्याचेच. त्याच्या कामाला तास नव्हते, कारण त्याने तास विकलेच नव्हते. त्याने साल विकले होते. आणि बोलीच्या वेळी तो जी उचल घेई, तिच्यामुळे मधेच सोडून जाणे त्याला अशक्य होई. उपासमार नको म्हणून मनुष्य सालदारकी पत्करी. तिच्यात एक प्रकारची शाश्वती होती. पण आपला मुलगा सालदार व्हावा, असे कोणत्याही सालदाराला वाटत नसे.

वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या अभियंत्याची या गरीब माणसाशी तुलना करणे हा अन्याय आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. सालदाराच्या अंगावर धडका सदरा नसे आणि निरक्षरपणामुळे त्याला दुसरा मार्गही नसे. आजच्या अभियंत्याला शिक्षण आहे, कायदा आहे, दुसरी नोकरी शोधण्याची मोकळीक आहे. दैन्याच्या बाबतीत दोघांत कोणतेही साम्य नाही. साम्य आहे ते कराराच्या स्वरूपात. दिवसाचे ठराविक तास देतो असे कागदावर लिहिलेले असते आणि व्यवहारात सारे साल मागितले जाते. घराच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता हीच नव्या काळातील उचल होऊन बसते. तिने बांधलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'होय'ला नीतीच्या दृष्टीने फारसा अर्थ राहत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, वेतन देऊन माणसाचा किती भाग घेता येतो? यंत्रयुगाच्या प्रारंभी हाच प्रश्न मुंबईच्या गिरण्यांत उभा राहिला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे श्रमिकांच्या प्रश्नावरील परिपत्रक प्रसिद्ध केले. मुंबईतील सत्यशोधक कार्यकर्ता आणि रोममधील धर्माचार्य यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही दोघांची भूमिका एका जागी मिळते: मजुरी दिली म्हणजे मजूर विकत घेतला, असे होत नाही. त्याच्या आयुष्याचा काही भाग असा असतो की, तो विक्रीला काढण्याचा अधिकार मालकाला नाही आणि खुद्द मजुरालाही नाही.

या विचाराला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात अधिक स्पष्ट रूप दिले. तरुणपणी त्यांनी स्वतः क्राकूव येथे दगडखाणीत आणि पुढे सोल्व्हे रसायन कारखान्यात मजुरी केली होती. श्रमाच्या दोन बाजू त्यांनी दाखविल्या. एक, त्यातून काय निर्माण झाले. दुसरी, ते कोणी निर्माण केले. बाजार पहिल्या बाजूची किंमत करतो. परंतु श्रमाची प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूवर अवलंबून असते, कारण काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे. योगायोग असा की, त्याच १९८१ च्या जुलै महिन्यात पुण्यात सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी सुरू केली. परिपत्रकातील कसोटी पुढे अशाच कंपन्यांना लावून पाहावी लागणार होती.

ती लावावयाची तर आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्या लागतात: वेळ, सत्य आणि वाटा.

वेळेपासून आरंभ करू. १९४८ च्या कारखाना कायद्याने आपल्या देशात कामाला आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशाच्या प्रगतीसाठी तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे असे सुचविले, तेव्हा मोठा वाद झाला. स्वतःची कंपनी उभारताना त्यांनी रात्रंदिवस कष्ट घेतले, यात शंका नाही. पण संस्थापक आपल्या शेतात राबत होता. त्याच्या घामातून आलेली रास त्याची होती. तेच तास पगारी माणसाकडून मागताना प्रश्न बदलतो. ४८ आणि ७० यांतील २२ तास कोणाचे? त्यांत मुलाचा अभ्यास आहे, आजारी आईजवळ बसणे आहे, रविवारची उपासना आहे, मित्राशी गप्पा आहेत आणि काहीच न करता अंगणात बसणेही आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. लोखंड्यांनी रविवार मिळविला तो गिरणीच्या भोंग्यापासून. भोंगा गिरणीतच राहत असे. आता तो खिशात आला आहे, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट सत्य. यासंबंधी विप्रोचे उदाहरण घेऊ, कारण ही कंपनी आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जन्मली. अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तूप तयार करणारी कंपनी स्थापन केली. वडिलांच्या निधनामुळे १९६६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, अझीम प्रेमजींनी तिची सूत्रे घेतली आणि पुढे तिला संगणकाच्या क्षेत्रात नेले. सप्टेंबर २०२२ मध्ये या कंपनीने सांगितले की, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी गुप्तपणे काम करणाऱ्या ३०० जणांना आम्ही कमी केले. हा विश्वासघात होय, अशी कंपनीची भूमिका होती. आम्हांला ती योग्य वाटते. मात्र येथे भेद करावयास हवा. ठरलेले तास प्रामाणिकपणे भरून कोणी संध्याकाळी शिकवण्या घेतल्या वा शेती पाहिली, तर तो त्याचा मोकळा वेळ आहे. चोरून दोन मालकांचे, आणि तेही एकमेकांच्या स्पर्धकांचे, मीठ खाणे ही वेगळी गोष्ट आहे. खोटे अनुभवपत्र जोडून नोकरी मिळविणे हेही त्याच जातीचे पाप. असत्याने मिळविलेल्या जागेवर कोणीतरी प्रामाणिक, पण ओळखपाळख नसलेला मुलगा बसावयाचा होता, हे विसरू नये.

परंतु सत्य दोन्ही बाजूंनी पाळावयाचे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कंपनीने वार्षिक साडेसहा लाख रुपये वेतनाचा प्रस्ताव दिलेल्या आणि कित्येक महिने रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. पर्याय नाकारण्यास ते मोकळे होते, हे खरे. पण ज्या घराने 'साडेसहा लाख' या शब्दावर विसंबून कर्जाचे, लग्नाचे, धाकट्याच्या शिक्षणाचे बेत केले, तेथे ती मोकळीक कितपत उरली असेल? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० जणांना, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या पदांवरील माणसे प्रामुख्याने होती. धंद्यात चढउतार येतात आणि प्रत्येक कपात अन्यायाची असते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, भरतीच्या दिवशी 'आपण सारे एक कुटुंब' म्हणावयाचे आणि मंदीच्या दिवशी आकडेवारी वाचून दाखवावयाची, ही भाषा एकाच तोंडी शोभत नाही. घरातील माणसाला संकट आधी सांगतात.

तिसरी गोष्ट वाटा. अमळनेरची दुसरी कहाणी सर्वश्रुत आहे. कंपनी लहान होती त्या काळी तिचे समभाग गावातील अनेक सामान्य कुटुंबांनी घेतले आणि विश्वासाने राखले. कंपनी वाढली तशी ती कुटुंबेही सधन झाली. त्यांतील कित्येकांनी संगणकाला हातही लावला नव्हता. पुढे १९९० च्या दशकात इन्फोसिसने आपल्या कर्मचाऱ्यांनाही समभाग देऊ केले, तेव्हा पगारी माणूस काही अंशी वाटेकरी झाला. आज नव्याने रुजू होणाऱ्या मुलाला मुख्यतः पगारच मिळतो. मागणी मात्र वाटेकऱ्याच्या तळमळीची होते. तळमळ हवी तर राशीत हिस्सा द्यावा. हिस्सा द्यावयाचा नसेल, तर दिवस मावळल्यावर रोजंदारासारखे घरी जाऊ द्यावे. दोन्ही नाकारणे म्हणजे सालदारकी.

वाटा म्हणजे केवळ पैसा, असेही नव्हे. आपल्या श्रमाचे फळ डोळ्यांना दिसणे हाही वाटाच आहे. आमच्या जामनेर तालुक्यातील वाकोद हे भवरलाल जैन यांचे जन्मगाव. त्यांनी १९६३ साली रॉकेल विक्रीपासून आरंभ केला आणि पुढे जळगावात ठिबक सिंचनाचा उद्योग उभारला. तेथील कामगार गावी परततो तेव्हा केळीच्या बागेत आपल्या हातून गेलेली नळी पाण्याचा थेंब सोडताना त्याला दिसते. तिच्यातील दोषाबद्दल शेतकरी त्याला फैलावरही घेतो. सातासमुद्रापलीकडील विमा कंपनीच्या कार्यक्रमाचा लहानसा तुकडा लिहिणाऱ्या मुलाला हे भाग्य नाही. आपल्या कामाने कोणाचे काय भले झाले, हे त्याला कोणी सांगत नाही. वास्तविक त्याच्याही तुकड्यामुळे कोण्या विधवेला तिचे पैसे वेळेवर मिळत असतील. चांगला वरिष्ठ हे सांगतो; तेवढ्या सांगण्यानेही काम हलके होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या साऱ्या प्रश्नांना धार आली आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले, याचा खुलासा करताना लिओ तेरावे यांच्या परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने घडत असलेल्या नव्या औद्योगिक क्रांतीचा उल्लेख केला. श्रमाचे मोल केवळ निर्मितीवरून ठरवावयाचे, तर यंत्र माणसाच्या पुढे जाईल तेव्हा माणसाला मोलच उरणार नाही. करणारा कोण, ही बाजू सोडून चालणार नाही, ती यासाठी.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी यातून काय घ्यावे? मोठ्या कंपन्यांची धोरणे आपण ठरवीत नाही. पण मुलाला नोकरी लागल्यावर पहिला प्रश्न आपण कोणता विचारतो, हे आपल्या हाती आहे. 'पॅकेज किती?' हा एकच प्रश्न घरात, नात्यात, लग्नाच्या बैठकीत विचारला गेला, तर मुलगाही स्वतःला त्याच आकड्याने मोजू लागतो. मग ज्या दिवशी आकडा जातो, त्या दिवशी त्याला आपणच संपलो असे वाटते आणि ही गोष्ट घरी सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही. त्याऐवजी विचारावे: संध्याकाळी सुटतोस का? तेथे खरे बोलतात का? तू केलेले काम कोणाच्या उपयोगी पडते? आणि तू स्वतः कबूल केलेले काम सचोटीने करतोस का?

दुसरे, उचल बेताने घ्यावी. शेजाऱ्याने घेतला म्हणून मोठा फ्लॅट, पाहुण्यांना दिसावी म्हणून मोठी गाडी, लग्नात लाखोंचा मंडप, हे सारे हप्त्याने होते आणि प्रत्येक हप्ता मुलाच्या तोंडचा 'नाही' हा शब्द थोडा थोडा काढून घेतो. कंपनीने त्याला सालदार केले, असे म्हणण्यापूर्वी त्यात घराचा हात किती, हेही तपासावे. सहा महिने पगाराविना चूल पेटती राहील एवढी शिल्लक ज्या घरात आहे, त्या घरातील मुलगा वरिष्ठाशी नम्रतेने पण निर्भयपणे बोलू शकतो.

सालदारालाही वर्षातून एक दिवस स्वतःचा होता. आखाजीला जुने साल फिटे आणि नव्याची बोली व्हावयाची असे. तेवढ्या वेळात तो कोणाचा चाकर नसे आणि मालकाच्या ओट्यावर बसून आपल्या अटी सांगू शके. ज्या कामात माणसाला रोज संध्याकाळी असे स्वतःचे होता येते, ते काम कष्टाचे असले तरी चांगले. ज्यात ते वर्षानुवर्षे होता येत नाही, तेथील पगार कितीही मोठा असला तरी तो कशाच्या बदल्यात मिळतो आहे, हे त्या मुलाबरोबर बसून घरच्यांनी एकदा मोजून पाहावे.